डोकावून गेलेली माणसं

आमच्या रत्नागिरीत राहणाऱ्या माणसाचं डोकं बिघडलं, तर त्याची एक सोय असते आणि एक गैरसोय. सोय ही, की मनाच्या आजारांचं मोठं इस्पितळ रिक्षाच्या अंतरावर आहे. गैरसोय ही, की रिक्षावाला ओळखीचा असतो. बाकी महाराष्ट्रात कुणी वेड्यासारखं वागलं की 'ह्याला रत्नागिरीला पाठवा' म्हणतात. आम्ही आधीच रत्नागिरीत, आम्हाला आणखी कुठे पाठवणार?

हा विनोद मी स्वतः वर्गात कितीदा केला असेन. गणिताची शिक्षिका मी. मागच्या बाकावरचा एखादा फारच चाळे करायला लागला की म्हणायची, "नीट बस रे, नाहीतर जवळच आहे आपलं, चालत पोचवत्ये." मुलं खो खो हसायची. दोन हजार सात सालच्या जानेवारीत त्याच इस्पितळाच्या फाटकातून मी पेशंट म्हणून आत गेले, तेव्हा मला तो विनोद आठवला आणि हसू काही आलं नाही.

मला झालं होतं डिप्रेशन. मराठीत त्याला औदासीन्य असा छान शब्द आहे, पण तो उच्चारायला जेवढं बळ लागतं तेवढंही त्या दिवसांत अंगात नसतं. आजाराची शास्त्रीय माहिती मी देणार नाही, ती डॉक्टरांनी द्यावी. मी माझ्यापुरतं सांगणार आहे. कोणी बाई आज दार लोटून घेऊन कॉम्प्युटरसमोर बसली असेल आणि आपल्यासारखी आपणच असं तिला वाटत असेल, तर तिच्यासाठी हे लिहिते आहे.

गडगा

आमचं घर गावाबाहेरच्या वाडीत. घराभोवती चिऱ्याचा गडगा, म्हणजे कमरेएवढी दगडी भिंत, आणि तिच्या पलीकडून वाडीची पायवाट. मागे आंब्याची कलमं. आमचे हे कलमं बघायचे, मी शाळा बघायची आणि आमची एकुलती एक मुलगी मुग्धा आम्हा दोघांना बघायची, म्हणजे ताब्यात ठेवायची.

आमच्याकडे एक रीत आहे. तिला रीत म्हणतात हेसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं, इतकी ती अंगवळणी पडलेली. गडग्यापलीकडून जाणारं माणूस हाक मारल्याशिवाय पुढे जात नाही. काम नसतं, थांबायचं नसतं, तरी ओरडतं. "हाव काय वो घरात?" आतून आपण म्हणायचं, "आहे गो, ये." ती येत नाही. तिला यायचंच नसतं. "नाय, बाजारात चाललंय," म्हणून ती पुढे जाते. झालं, एवढंच. भांडण असलेलं माणूससुद्धा निदान मोठ्याने खाकरतं. गुपचूप डोकावून, अंगण बघून, न बोलता पुढे गेलं कोणी, तर समजायचं की त्या माणसाच्या मनात तुमच्याविषयी काहीतरी आहे.

हे मी आधी सांगून ठेवते, कारण माझी सगळी चूक इथे आहे.

खातं

आदल्या वर्षीच्या मे महिन्यात मुग्धाचं लग्न झालं आणि जून उजाडायच्या आत ती नवऱ्याबरोबर अमेरिकेला गेली. जाण्याआधी तिने मला तिचा कॉम्प्युटर चालवायला शिकवला आणि त्या वेळी सगळी तरुण मुलं जिच्यावर पडीक असत त्या साइटवर माझं खातं उघडून दिलं. "आई, आता रोज भेटायचं आपण," म्हणाली.

ज्यांनी ती साइट पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. प्रत्येकाचं एक पान. त्यावर फोटो लावायचे आणि दुसऱ्याच्या पानावर जाऊन दोन ओळी लिहायच्या, त्याला स्क्रॅप म्हणत. कोणी कोणाला काय लिहिलं ते सगळ्यांना वाचता येई. आणि एका कोपऱ्यात, अलीकडे तुमच्या पानावर कोण डोकावून गेलं त्यांची नावं दिसत.

पहिले दोन महिने मी हवेत होते, खोटं कशाला सांगू. जुने विद्यार्थी कुठून कुठून उगवले. "बाई, तुम्ही इथे!" पुण्याहून, दुबईहून, बोटीवरून. दुबईच्या एका मठ्ठ मुलाने लिहिलं की बाई, तुमच्या छडीमुळे मी इंजिनिअर झालो. मी छडी कधी हातात धरली नव्हती, पण त्याचा आनंद कशाला घालवा. मुग्धाही रोज लिहायची. रोज संध्याकाळी शाळेतून आले की पदर खोचून आधी कॉम्प्युटर, मग चहा. आमचे हे म्हणायचे, "पूर्वी चहा तरी वेळेवर मिळत असे."

मग ओसरलं. ते ओसरणारच होतं, मुलांना त्यांचे संसार होते. स्क्रॅप येईनासे झाले. आले तरी गणपतीच्या शुभेच्छा, दिवाळीच्या शुभेच्छा, एकच चित्र सगळ्यांना वाटलेलं. मुग्धाला नोकरी लागली आणि तीही रोजची आठवड्यावर आली.

पण नावं दिसायची. रोज कोपऱ्यात मुग्धाचं नाव. ती येत होती. माझ्या पानावर येऊन, बघून, एक अक्षर न लिहिता जात होती.

मला काय वाटलं असेल ते गडग्याजवळ राहणाऱ्याला कळेल. मुलगी दाराशी येते, अंगण बघते आणि हाक न मारता जाते. म्हणजे तिच्या मनात काहीतरी आहे. मी लग्नात काय बोलले, निघताना काय बोलले, "एवढ्या लांब कशाला हवं होतं" असं एकदा जावयाच्या देखत म्हणाले होते, ते का? एकेक वाक्य मी उकरून काढू लागले.

दुसऱ्यांचं बोलणं

मग मी तिच्या पानावर जाऊन बसू लागले. आमच्याकडे नेट फोनच्या तारेवरून चाले, संध्याकाळी रडतखडत आणि पहाटे चांगलं. मला पहाटेच जाग येत असे, नंतर नंतर झोप अशी राहिलीच नाही. आमचे हे उठून कलमांत फवारणीला गेले की मी बसायची.

तिथे सगळं उघडं होतं. मैत्रिणीला तिने लिहिलं होतं, ताप होता दोन दिवस, आता बरं आहे. मला नव्हतं सांगितलं. पुण्यातल्या तिच्या सासूबाई साइटवर होत्या, इंग्रजीत लिहायच्या, गुलाबाची फुलं डकवायच्या. त्यांना मुग्धा लिहायची, "आई, तुमची आमटी केली, सेम टेस्ट!" आमटीचं मला इतकं लागलं म्हणून सांगू! माझी आमटी ती बाजूला सारायची. दिवाळीचे फोटो लागले, अमेरिकेतल्या त्या घरात पणत्या, मुग्धा हसतेय, खाली सगळ्यांनी लिहिलेलं, किती गोड. मीही लिहिलं, किती गोड. लिहून उठले आणि न्हाणीघरात जाऊन तोंडात पदर कोंबून रडले.

तापाचं विचारायला फोन करावा, तर विचारणार, तुला कोणी सांगितलं? म्हणजे मी दुसऱ्यांचं बोलणं वाचते हे कळणार. मग मी विचारलं नाही. रविवारी तिचा फोन यायचा आणि तार एकच, म्हणून त्या दिवशी मी नेट लावत नसे. ती म्हणायची, "मी बरी आहे, तू?" मी म्हणायची, "मी बरी आहे." एकदा तिच्या पानावर लिहायला घेतलं होतं, मुग्धा, मला बरं वाटत नाही गो. मग वाटलं, हे सासूबाई वाचणार, दुबईतला तो मठ्ठ मुलगा वाचणार. सगळं पुसलं आणि लिहिलं, टेक केअर.

हळूहळू घरातही हेच झालं. शेजारची काशी रोज जाता-येता ओरडायची, "वयनी, हाव काय वो घरात?" काशी आमच्या कलमांत कामाला यायची, पण त्याआधीपासून शेजारीण. मी आतल्या खोलीत पडद्याआड बसलेली असायची आणि ओ देत नसे. 'आहे' एवढं म्हणायचं, पण ते घशातून निघेना. ती थोडा वेळ थांबायची, मग चपला वाजायच्या. मी ओ देईना तशा हाका कमी झाल्या. पुढेपुढे लोक आमच्या गडग्यापाशी आवाज बारीक करून जायला लागले. घरात एवढी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती.

फळा

जानेवारीत आठवीच्या वर्गावर मी समीकरण घातलं. डावी बाजू लिहिली, बरोबरचं चिन्ह काढलं आणि पुढे काय लिहायचं ते मला कळेना. खडू हातात. समोर फळा. गणित सोपं होतं, झोपेत सोडवावं असं. मी तशीच उभी राहिले. पाठीमागे वर्ग गप्प झाला. मुलं इतकी गप्प कधी होत नाहीत. शेवटी पहिल्या बाकावरची मुलगी हळूच म्हणाली, "बाई, बसता का?"

त्या 'बसता का'ने मी कोसळले. मुलांसमोर हमसून हमसून रडले. मुख्याध्यापिका बाईंनी मला ऑफिसात नेलं, पाणी दिलं, ह्यांना फोन केला. ह्यांनी येऊन फक्त माझी पर्स उचलली आणि माझा दंड धरला. लग्नाच्या इतक्या वर्षांत त्यांनी चारचौघांत माझा हात धरलेला तो पहिलाच.

मग तपासण्या. साखर बरी, थायरॉइड बरं, रक्त बरं. एकेक रिपोर्ट चांगला येई तसा मला राग येई. काहीतरी निघू दे रे देवा, दिसेल असं काहीतरी! शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वहिनी, मी आता जे सांगतो ते रागावू नका. आपल्या गावात त्यासाठी जागा आहे. एकदा जाऊन या."

ह्यांनी विचारलं, "आत ठेवतील?"

"अहो, कोण ठेवतंय! ओपीडीत दाखवायचं, गोळ्या घेऊन घरी यायचं."

 घरी आल्यावर हे म्हणाले, "मुग्धाला कळवायचं काय?" मी म्हटलं, "खबरदार! कोणालाच नाही." ते 'बरं' म्हणाले. कोणी विचारलंच तर त्यांनी काय सांगायचं तेही मी ठरवून दिलं: हिला पित्ताचा त्रास आहे.

फाटकाच्या आत

आत मोठी झाडं आहेत आणि झाडांखाली सावली आहे. मला वाटलं होतं किंकाळ्या ऐकू येतील. ऐकू येत होता तो कावळ्यांचा आवाज आणि केसपेपरच्या खिडकीवर चाललेली सुट्या पैशांची वादावादी. बाकावर माझ्यासारखीच माणसं. कोणी खाली बघतंय, कोणी डबा उघडून पोळी खातंय. पदराने तोंड झाकून बसलेली मी एकटीच होते. खिडकीतल्या माणसाने नाव विचारलं, लिहिलं आणि मान वर न करता म्हणाला, "बाई, तुम्ही त्या कोपऱ्यात बसा, तिथे पंखा आहे." त्याने मला ओळखलं होतं की नुसतंच बाई म्हणाला, ते मला आजतागायत माहीत नाही. पण त्याने मान वर केली नाही याचे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टर तरुण बाई होत्या, माझ्या मुग्धापेक्षा जेमतेम मोठ्या. त्यांनी झोपेचं, खाण्याचं विचारलं. मरावंसं वाटतं का तेही विचारलं, अगदी पोळी खाता का भात, इतक्या सहज. मी हो म्हटलं. ते मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. हे बाजूला बसले होते. त्यांनी आपली खुर्ची माझ्याजवळ सरकवली.

मग मी कॉम्प्युटरचं सांगितलं आणि विचारलं, "ह्याच्यामुळेच झालं ना मला?" मला कोणावर तरी खापर फोडायचं होतं. ह्यांनाही हवंच होतं, ते लगेच म्हणाले, "आजच उचलून माळ्यावर टाकतो."

डॉक्टर म्हणाल्या, "थांबा. आधी मन उतरलं म्हणून तिथे बसायला लागलात, की तिथे बसून मन उतरलं, हे तुम्हाला सांगता येणार नाही आणि मलाही नाही. पुष्कळांना तिथे सोबत मिळते. तुम्ही एवढंच बघा, तिथून उठल्यावर तुम्हाला कसं वाटतं. आणि बाई, तिथे नुसतं बघत बसता की कोणाशी बोलता?"

मी म्हटलं, "बघते."

"तेवढं लक्षात असू द्या," म्हणाल्या आणि गोळ्या लिहून दिल्या.

गोळ्यांनी तोंड सुकायचं, हात जड व्हायचे, दुपारी झापड यायची. बरं लगेच वाटत नाही, हे ध्यानात ठेवा. मला वाटलं होतं क्रोसिनसारखं असेल. पंधरवडा झाला तरी तेच. हे रोज जेवणानंतर गोळी तळहातावर ठेवायचे, पाणी द्यायचे आणि मी गिळेपर्यंत माझ्याकडे बघत उभे राहायचे.  मी म्हणायची, "गिळली हो, दाखवू का तोंड उघडून?" तर कसनुसं हसायचे. कॉम्प्युटर माळ्यावर गेला नाही. पहाटे मी बसतच होते.

पालखी

शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते. मुंबईला गेलेले सगळे पुरुष त्यासाठी गावी येतात, वाडी भरते. पालखी अंगणात बसली की घरधनीण देवीची ओटी भरते आणि घरासाठी गुरव गाऱ्हाणं घालतो. म्हणजे त्या घराचं जे मागणं असेल ते मोठ्या आवाजात देवीला सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी म्हणायचं, "होय महाराजा!" आमचं मागणं वर्षानुवर्षं ठरलेलं: मोहोर टिकू दे, कलमांना फळ धरू दे. आंबेवाल्याचं दुसरं काय असणार!

मी त्या दिवशी कशीबशी साडी नेसले होते. अंगणात ढोल थांबले. वाडीतली झाडून सगळी माणसं, काशी, मुंबईहून आलेला तिचा मुलगा संतोष, सगळे. मी नारळ हातात धरून उभी. गुरव म्हणाले, "भाऊ, नेहमीचंच ना?"

हे म्हणाले, "नाही. यंदा कलमांचं राहू दे हो. हिच्यासाठी घाला."

"वहिनींसाठी? पित्ताचं?"

"पित्त नाही." मग हे खाली बघत, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हिचं मन लागत नाही कशात. झोप नाही. जगणं नको म्हणते. आपल्या इस्पितळाचं औषध चालू आहे. हिला बरं वाटू दे, एवढंच घाला."

त्या वर्षी मोहोर मरणाचा आला होता आणि त्याचा रस शोषणारा तुडतुडाही तेवढाच पडला होता. कलमांचं राहू दे म्हणणं म्हणजे काय, ते तिथल्या प्रत्येकाला कळलं.  गुरवांनी आवाज लावला. "बाय माझे आई, तुझ्या ह्या लेकीचं मन उडालंय, तां जाग्यावर आण गो महाराजा!"

"होय महाराजा!"

"तिच्या डोळ्याला डोळा लागू दे, घशाखाली घास जाऊ दे गो महाराजा!"

"होय महाराजा!"

सगळ्यांनी म्हटलं. पोरांनी, म्हाताऱ्यांनी, आमच्याशी बांधावरून भांडणाऱ्या शेजाऱ्यानेसुद्धा. मला ढोलात लपावंसं वाटलं. मी ओटी भरली की नाही ते आठवत नाही.

पालखी गेल्यावर मी ह्यांच्यावर तुटून पडले. "चार माणसांत माझी अब्रू घालवलीत! कोणाला सांगायचं नाही ठरलं होतं ना?"

ते ओट्यावर बसले होते, टोपी हातात. म्हणाले, "मग मी कोणाला सांगायचं होतं? तुला निदान तो कॉम्प्युटर आहे. मला तो येत नाही. रोज गोळी देतो नि मागीलदारी जाऊन बसतो. कोणाला सांगू मी?"

 इतके महिने मी एकटी आहे, एकटी आहे, असं म्हणत होते आणि त्याच घरात दुसरं एक माणूस तितकंच एकटं बसलं होतं. मी त्यांच्या शेजारी बसले. आम्ही दोघंही रडलो, असं लिहायला आज लाज वाटत नाही.

काजूच्या बिया

दुसऱ्या दिवशी गडग्यापलीकडून हाक आली. "वयनी, हाव काय वो घरात?"

मी ओ दिली नाही.

"हाव म्हाईत हाय मला," काशी म्हणाली. "बोलू नका हवं तर. मी ओट्यावर बसतंय. ओले काजू सोलायचे हायत, घरात पोरां बसू देत नायत."

बसली. मी दाराआडून बघत होते. काजूच्या चिकाने हात भाजतात, म्हणून राख घेऊन आली होती. एकेक बी चिरायची, गर काढायचा. बऱ्याच वेळाने बियांकडे बघतच म्हणाली, "माझी भैण ऱ्हायली व्हती तितं, फाटकाच्या आत. आमी तरी कुनाला सांगितलाव? सांगितलाव की माह्यारी ग्येली. आता नातू सांभाळते. माझ्यापेक्षा जाडी झालीय मेली."

मला हसू आलं. फार दिवसांनी माझ्या नाकातून तो आवाज निघाला, मीच दचकले. मी बाहेर जाऊन राख हाताला लावली आणि तिच्या समोर बसले. तिने अर्ध्या बिया माझ्याकडे सरकवल्या.

त्यानंतर हाका पुन्हा सुरू झाल्या. आधीपेक्षा मोठ्या आवाजात, कारण आता सगळ्यांना माहीत होतं. कधी ओ द्यायची, कधी नाही. नाही दिली तरी हाक मारणारी म्हणायची, "बरां बरां, पडा," आणि पुढे जायची. गोळ्यांचाही गुण येत होता, हे सांगितलं पाहिजे. काशी आणि गोळ्या यांच्यात श्रेय कसं वाटायचं ते गणित मला सुटलेलं नाही.

फोन

शिमगा संपून मुंबईकर परत गेले. त्यानंतर लवकरच एका पहाटे मी मुग्धाचं पान उघडलं. सगळ्यात वर संतोषचा स्क्रॅप होता. काशीचा संतोष मुग्धाच्या वर्गातला. त्याने इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं, "मुग्धा, काकूंसाठी पालखीला गाऱ्हाणं घातलंय सगळ्यांनी. बरं वाटेल त्यांना. टेन्शन नको घेऊ."

 सगळ्यांना दिसेल असं लिहिलेलं. पुण्याला दिसणार, दुबईला दिसणार, आणि मुग्धाला. त्याला वाटलं, पालखीपुढे जे उघड सांगितलं ते इथेही उघड सांगायला काय हरकत. मी धसकून फोनची वायर कॉम्प्युटरमधून उपटली आणि परत फोनला लावली.

लावली आणि फोन वाजला.

"आई? कधीची लावत्ये मी! सारखा एंगेज." तिचा आवाज फाटला होता. "काय झालंय तुला? मला का नाही सांगितलंस?"

मी म्हटलं, "काही नाही गो, पित्त..."

"आई!"

मग मी सांगितलं. फळ्याचं, इस्पितळाचं, सगळं. आमटीचंसुद्धा सांगितलं. शेवटी जे विचारायचं होतं ते विचारलं. "तू रोज माझ्या पानावर येऊन जायचीस. एक शब्द लिहायची नाहीस. मी काय केलं होतं गो तुझं?"

पलीकडे बराच वेळ नुसतं रडणं. मग ती म्हणाली, "आई, कामावरून आले की मी फोन करायचे. तुमची पहाट असते तेव्हा. रोज एंगेज. म्हणून मी नेटवर बघायचे, तर माझ्या पानावर तुझं नाव असायचं, आत्ताच येऊन गेलेलं. मग तुझं पान बघायचे. म्हटलं, आई उठली आहे, नेटवर बसली आहे, मजेत आहे. रविवारी तू बरी आहे म्हणायचीस, म्हणून एंगेजचं कधी काढलंच नाही. तुझं नाव बघून मी निर्धास्त जेवायला बसायचे."

मी तिचं पान बघत बसायची म्हणून तिचा फोन लागत नव्हता. आणि माझं नाव दिसायचं म्हणून आई बरी आहे, असं तिला वाटायचं. पहाटेच्या त्या एका तासाला आम्ही दोघी एकमेकींच्या दाराशी उभ्या असायचो आणि दोघींची घरं रिकामी. 

आता

पुढे दोन वर्षं गोळ्या घेतल्या. मध्येच एकदा स्वतःच्या हुशारीने बंद केल्या, पुन्हा घसरले, पुन्हा त्याच बाकावर पंख्याखाली जाऊन बसले. त्या खेपेला पदर तोंडावर नव्हता. वर्गातला तो विनोद मी सोडून दिला. त्या वर्षी आंबा बेताचाच झाला, ह्यांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

एकटेपणा सगळा गेला असं मी म्हणणार नाही. मुलगी लांब आहे ती लांबच आहे. संध्याकाळी दिवा लावताना अजून घर रिकामं वाटतं आणि फोटो बघून अजून कधीतरी जीव खालीवर होतो. तसं झालं की मी डॉक्टरांचं वाक्य आठवते, उठते आणि गडग्यापाशी जाऊन उभी राहते. कोणी ना कोणी जातंच.

कॉम्प्युटर आम्ही काढला नाही. फक्त मुग्धाने आणि मी एक ठरवलं, नुसतं डोकावायचं नाही. पानावर आलीस तर हाक मारायची, मग काम असो नसो. त्या फोनच्या दुसऱ्याच दिवशी मी पहाटे बसले. खरं तर भीती वाटत होती. कोपऱ्यातल्या नावांकडे मी बघितलंच नाही. माझ्या पानावर, तिच्या सासूबाईंनी डकवलेल्या एका गुलाबाच्या वर, सगळ्या जगाला दिसेल असं, मुग्धाने लिहिलं होतं.

"आई, हाव काय वो घरात?"

 मी एका बोटाने एकेक अक्षर शोधत उत्तर लिहिलं.

"आहे गो. ये."